खलिफाचं नाव नाण्यावर कशासाठी?

खलिफा, म्हणजे पैगंबरांनंतर मुस्लिम समाजाचा प्रमुख, याबद्दल तुम्ही विचारलंत. त्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. खलिफा म्हणजे मुसलमानांचा पोप होता का? असला तर १९२४ मध्ये तुर्कस्तानने ते पद एका कायद्याने मोडीत कसं काढलं? आणि इस्तंबूलमधल्या एका माणसासाठी मुंबईतल्या मुसलमानांनी हरताळ का पाळला?

पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते नीट समजलं की उरलेली दोन बरीचशी आपोआप सुटतात.

आधी माझी बाजू सांगतो. मी तीसेक वर्षं मध्ययुगीन नाण्यांवरचे अरबी-फारसी मजकूर वाचत आलो आहे. त्यामुळे माझी खलिफाशी ओळख ग्रंथांतून कमी आणि चांदीच्या टंक्यांवरून जास्त. सुरुवातीच्या दिवसांत सुलतान बल्बनचा एक टंका हातात आला. एका बाजूला बल्बनचं नाव, ते ठीक. दुसऱ्या बाजूला 'अल्-इमाम अल्-मुस्तअसिम, अमीर-उल-मोमिनीन'. बल्बन दिल्लीच्या तख्तावर बसला १२६६ मध्ये. खलिफा मुस्तअसिमला हुलागूच्या मंगोलांनी बगदाद लुटून ठार मारलं ते १२५८ मध्ये. मला वाटलं आपण वाचताना चुकतोय. चूक नव्हती. बल्बनच्या सगळ्या कारकिर्दीत आणि पुढे जलालुद्दीन खलजीच्या काळातही दिल्लीच्या टांकसाळीत मेलेल्या खलिफाचं नाव पडत राहिलं. तीस-पस्तीस वर्षं! बातमी पोचली नव्हती म्हणावं तर मंगोलांच्या भीतीने पळालेले निम्मे विद्वान दिल्लीतच येऊन राहिले होते.

पोप मेला तर रोममध्ये दुसरा निवडावाच लागतो, कारण चर्चचा गाडा त्याच्या आज्ञेवर चालतो. खलिफा मेला आणि दिल्लीत कोणाचा नमाज अडला नाही, कोणाचा निकाह थांबला नाही, काजीने निवाडे द्यायचं बंद केलं नाही. अडलं ते फक्त सुलतानाचं. त्याला नाण्याच्या दुसऱ्या बाजूला लिहायला एक नाव हवं होतं. हे नाव त्याला का हवं होतं, हा खरा विषय.

६३२ मध्ये मदिनेत मुहम्मद पैगंबर वारले, तेव्हा 'पुढे कोण' याचं लेखी उत्तर कुठेच नव्हतं. कुराणात राज्य कसं चालवावं याचा आराखडा नाही. मदिनेच्या स्थानिक लोकांनी, म्हणजे अन्सारांनी, बनू साईदा कुळाच्या छपरीत बैठक बसवली. पैगंबरांबरोबर मक्केहून आलेले अबू बकर आणि उमर घाईने तिथे पोचले. एक अमीर (नेता) तुमचा आणि एक आमचा, असाही प्रस्ताव तिथे पुढे आल्याचं परंपरा सांगते. वाद वाढला, तेव्हा उमर यांनी अबू बकर यांना हात पुढे करायला सांगितलं आणि त्यावर हात ठेवला. बाकीच्यांनीही ठेवला. याला बैअत म्हणतात. मूळ शब्द खरेदीविक्रीतला आहे, सौदा पक्का करताना हातावर हात मारायचा. आपल्याकडे घर घेताना 'बयाणा' देतात, तो याच कुळातला शब्द. सांगायचा मुद्दा असा की इस्लामी राजकीय नेतृत्वाचा पाया करारासारखा होता. राज्याभिषेक नव्हता, दीक्षा नव्हती.

ही बैठक चालली होती तेव्हा पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अली अंत्यविधीच्या तयारीत होते. शिया परंपरेचं म्हणणं असं की त्याच वर्षी गदीर खुम्म या ठिकाणी पैगंबरांनी 'ज्याचा मी मौला, त्याचा अली मौला' असं जाहीर सांगितलं होतं, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. सुन्नी परंपरा ते वाक्य नाकारत नाही, 'मौला'चा अर्थ मित्र-पाठीराखा असा घेते. एका शब्दाच्या अर्थावर चौदाशे वर्षं निघाली. सुन्नींचा खलिफा आणि शियांचा इमाम यांतला फरक इथून सुरू होतो. खलिफा माणसं ठरवतात. इमाम आधीच्या इमामाने नेमलेला असतो, आणि ती नेमणूक मुळात ईश्वराची. या नेमणुकीला 'नस्स' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, तो मुंबईत पुन्हा भेटेल.

'खलिफा' म्हणजे मागे राहिलेला, जागा चालवणारा. आता पंचाईत अशी की कोणाची जागा? परंपरेनुसार अबू बकर स्वतःला 'ईश्वराच्या प्रेषिताचा खलिफा' म्हणत आणि 'ईश्वराचा खलिफा' म्हणू देत नसत. नंतर उमर यांच्या काळात 'अमीर-उल-मोमिनीन', श्रद्धावंतांचा सेनापती, हा किताब रूढ झाला. पहिले चार खलिफा चार वेगळ्या रीतींनी आले. अबू बकर बैठकीतून, उमर (६३४–६४४) अबू बकरांच्या नेमणुकीने, उस्मान (६४४–६५६) सहा जणांच्या समितीतून, आणि अली (६५६–६६१) उस्मान यांना बंडखोरांनी घरात घुसून मारल्यानंतरच्या गोंधळात. यांपैकी तिघे मारेकऱ्यांच्या हातून गेले. ज्या काळाला सुन्नी लोक आदर्श मानतात त्या काळातही वारसा ठरवण्याची एक ठरलेली पद्धत नव्हती, हे आजच्या 'खिलाफत परत आणू' म्हणणाऱ्यांना विचारून पाहा. कोणती रीत परत आणणार?

६६१ मध्ये मुआविया दमास्कसला खलिफा झाला आणि त्याने हयातीतच मुलासाठी, यझीदसाठी, बैअत घेतली. सौद्याचा हात राहिला, पण आता माल एकाच घरचा. यझीदला बैअत द्यायला नकार देणारे अलींचे पुत्र हुसेन ६८० मध्ये करबलात मारले गेले. मुहर्रमच्या ताबुतांमुळे आपल्याकडे खेड्यापाड्यांतही ठाऊक असलेली ती गोष्ट मुळात 'हात द्यायचा की नाही' एवढीच आहे.

मुआवियाच्या याच उमय्या घराण्यातल्या अब्द-अल-मलिकच्या काळातली काही नाणी फार बोलकी आहेत. त्यांवर तलवारीवर हात ठेवून उभा असलेला खलिफा आहे, चक्क चित्र, आणि काहींवर किताब 'खलिफत अल्लाह', ईश्वराचा खलिफा. म्हणजे अबू बकर ज्याला नको म्हणत होते तेच. मग ६९६-९७ च्या सुमारास चित्र गेलं आणि नाण्यावर फक्त अक्षरं राहिली. यामागे नेमकं काय घडलं यावर अभ्यासक भांडत असतात. मला दिसतं ते एवढंच, की खलिफाला धर्माचा अंतिम शब्द व्हायची हौस होती आणि समाजाला ते पचत नव्हतं.

ही हौस शेवटची आणि सगळ्यात जोरात उफाळली ८३३ मध्ये. तोवर उमय्या जाऊन अब्बासी आले होते (७५०), बगदाद वसलं होतं (७६२), हारून अल्-रशीदचा सुवर्णकाळ होऊन गेला होता. हारूनचा मुलगा खलिफा मामून याने हुकूम काढला की कुराण हे ईश्वराने निर्माण केलेलं आहे असं सर्व काजी आणि विद्वानांनी मान्य करावं. विरुद्ध बाजूचं म्हणणं, कुराण अनादि आहे. वेद पौरुषेय की अपौरुषेय हा वाद आपल्याला परिचित आहे, म्हणून मुद्दा कळायला जड नाही. फरक एवढा की इथे परीक्षक राजा होता आणि नापास होणाऱ्याला तुरुंग. या चौकशीला 'मिहना' म्हणतात. बहुतेकांनी मान डोलावली. अहमद इब्न हंबल यांनी डोलावली नाही. त्यांना कैदेत टाकलं, पुढच्या खलिफाच्या काळात फटके मारले, तरी नाही. पंधराएक वर्षांनी खलिफा मुतवक्किलने तो सगळा खटाटोप गुंडाळला. अहमद ८५५ मध्ये वारले तेव्हा बगदादभर त्यांचाच शब्द चालत होता.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा सांधा हाच आहे. करबला, १२५८ किंवा १९२४ यांच्याइतका तो कोणाच्या तोंडी नसतो. मिहना हरल्यावर धर्म काय म्हणतो हे सांगायचा अधिकार कायमचा धर्मपंडितांकडे, म्हणजे उलेमांकडे गेला. आणि हे उलेमा म्हणजे कोण? कोणी सोनार, कोणी कापडवाला, कोणी शिक्षक. त्यांना कोणी नेमत नाही, लोक मानतात म्हणून ते उलेमा. त्यांच्यात पायऱ्या नाहीत, शेवटचं अपील नाही. एकाने फतवा दिला तर दुसरा उलटा देऊ शकतो. पोपकडे जे असतं ते इथे हजार माणसांत वाटलं गेलं आणि खलिफाच्या हातात उरली तलवार, खजिना आणि शुक्रवारच्या खुतब्यातलं, म्हणजे नमाजाच्या वेळच्या प्रवचनातलं नाव.

पुढच्या शंभर वर्षांत तलवार आणि खजिनाही गेला. ९४५ मध्ये बुवैही सरदार बगदादेत शिरले. ते शिया, खलिफा सुन्नी. त्यांनी खलिफाला हटवून आपला शिया इमाम का बसवला नाही? कारण खऱ्या इमामाची आज्ञा पाळावी लागली असती! त्यापेक्षा ज्याला आपण मानत नाही असा खलिफा गादीवर ठेवणं सोयीचं. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. छत्रपती साताऱ्याला, कारभार पुण्याला, आणि तरीही प्रत्येक नव्या पेशव्याला वस्त्रं साताऱ्याहूनच यावी लागत. बगदादचं अगदी असंच. बुवैही अमीर आणि १०५५ नंतर सेल्जुक सुलतान, दोघेही खलिफाकडून खिलत (मानाचा पोशाख) आणि किताब घेत, आणि बाहेर पडल्यावर त्यालाच तनखा बांधून देत. एक गोष्ट मात्र साताऱ्यात झाली नाही. खलिफा धडधाकट हवा अशी अट होती, त्यामुळे नको असलेल्याला मारण्याऐवजी त्याचे डोळे काढत. आंधळा झाला की अपात्र. ९४६ नंतर काही वर्षं बगदादेत तीन माजी खलिफा एकाच वेळी हयात होते, तिघेही आंधळे केलेले.

मावर्दी नावाच्या काजीने अकराव्या शतकात राज्यव्यवस्थेवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तो या अवस्थेत लिहिलेला आहे. त्यात खलिफाची पात्रता आहे, ती नेहमी उद्धृत होते: न्यायी हवा, विद्वान हवा, कुरैश या पैगंबरांच्या कुळातला हवा. कमी उद्धृत होतं ते असं, की एखाद्याने प्रांत बळाने बळकावला असेल आणि तो खलिफाला नावापुरतं मानत असेल, तर खलिफाने त्याला सनद देऊन टाकावी म्हणजे व्यवहार कायदेशीर राहतात. ग्रंथ आदर्शाचा म्हणून वाचला जातो. मला तो एका हुशार वकिलाने बुडत्या अशिलासाठी केलेली तडजोड वाटतो.

शिवाय खलिफा एकच असावा हा नियमही दहाव्या शतकात मोडला. उत्तर आफ्रिकेत ९०९ मध्ये फातिमी आले, ते इस्माईली शिया; त्यांनी कैरो वसवलं. स्पेनमध्ये कोर्दोबाच्या तिसऱ्या अब्दुर्रहमानने ९२९ मध्ये स्वतःला खलिफा म्हणवून घेतलं. एका काळी तीन खलिफा, तिघेही एकमेकांना तोतये म्हणणारे.

आता हिंदुस्थान. इल्तुतमिश हा विकत घेतलेला गुलाम. तख्तावर बसला तर आजूबाजूचे तुर्क सरदार मनात म्हणत असणार, हा आणि आपण यांत फरक काय? १२२९ मध्ये बगदादहून खलिफा मुस्तनसिरची खिलत आणि सनद आली आणि फरक पडला. बगदादला दिल्लीत एक शिपाईही पाठवता आला नसता. पण नेमका म्हणूनच तो कागद मोलाचा. जवळचा खलिफा डोईजड होऊ शकतो, लांबचा फक्त मोठेपणा देतो. हे सूत्र पार १९२० पर्यंत लागू पडतं.

मंगोलांनंतर १२६१ मध्ये मामलुक सुलतान बैबर्सने अब्बासी घराण्यातल्या एकाला कैरोत आणून खलिफा केलं. तिथली गादी अडीचशे वर्षं चालली. काम एकच, नव्या सुलतानाला पोशाख चढवणं. दिल्लीत मात्र मृत मुस्तअसिम चालत राहिला. अलाउद्दीन खलजीने नाव काढून 'यमीन-उल-खिलाफत', खिलाफतीचा उजवा हात, एवढंच स्वतःला लावलं. कोणाची खिलाफत ते सांगितलं नाही. याचाच साचा पुढे दख्खनमध्ये बहमनींनी उचलला, गुलबर्ग्याच्या पहिल्या सुलतानाचं नाणं वाचताना अलाउद्दीनचं वाचतोय की काय असं वाटतं. अलाउद्दीनचा मुलगा कुतुबुद्दीन मुबारक याने तर भीड सोडली आणि १३१७-१८ च्या सुमारास नाण्यावर स्वतःलाच खलिफा म्हणवून घेतलं. 'अल्-वासिक बिल्लाह' असा अब्बासी थाटाचा किताब लावून. जगात कुठे काही कोसळलं नाही. दोन-तीन वर्षांत त्याच्याच लाडक्याने त्याचा खून केला, ते वेगळ्या कारणाने.

मुहम्मद तुघलकाचं प्रकरण सगळ्यांत मौजेचं आणि सगळ्यांत करुण. देवगिरीचा प्रयोग फसला, तांब्याचं नाणं फसलं, बंडं सुरू झाली, तेव्हा त्याला शंका आली की आपल्या राज्याला खलिफाची मान्यता नाही म्हणून हे होतंय. कैरोकडे माणसं पाठवली. उत्तर यायच्या आतच नाण्यांवरून स्वतःचं नाव काढलं आणि फक्त खलिफा मुस्तकफीचं घातलं. मुस्तकफी १३४० मध्ये इजिप्तच्या वरच्या भागात हद्दपारीत मेला होता. पुन्हा मेलेला खलिफा! १३४३-४४ मध्ये कैरोचा दूत आला तेव्हा सुलतान अनवाणी सामोरा गेला. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता सांगतो की अब्बासी वंशातला एक जण दिल्लीला आला होता, त्याला सुलतानाने सिरी शहर देऊन टाकलं आणि त्याच्यापुढे जमिनीवर मान ठेवून तिच्यावर पाय ठेवायला लावलं. हा पाहुणा महाकंजूष होता, हेही इब्न बतूता चवीने सांगतो.

दख्खनच्या शाह्यांत खुतब्याचं राजकारण वेगळं खेळलं गेलं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरच्या युसुफ आदिलशहाने बारा इमामांच्या नावाने खुतबा पढवला. इराणात सफवी शिया राज्य नुकतंच उभं राहिलं होतं. पुढे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने तेच केलं. गोवळकोंड्यात तर इराणच्या शहाचं नाव खुतब्यात येई. १६३६ मध्ये शाहजहानने कुतुबशहाला तहात बांधून घेतलं, त्यात खंडणीइतकीच मोठी अट ही होती की बारा इमाम आणि इराणचा शहा खुतब्यातून वगळून पहिले चार खलिफा आणि शाहजहान यांची नावं घ्यायची. धर्माची गोष्ट वाटते ना? पण तहातल्या पुढच्या-मागच्या कलमांसारखीच ही कोण कोणाच्या ताबेदारीत आहे याची नोंद होती. मुघलांनी तुर्कांच्या खलिफाला कधी भीक घातली नाही. अकबर-शाहजहानच्या नाण्यांवर आग्रा आणि दिल्ली याच 'दार-उल-खिलाफत', म्हणजे खिलाफतीच्या राजधान्या आहेत.

इस्तंबूलच्या उस्मानी (ऑटोमन) तुर्कांकडे खलिफापद कसं गेलं? सर्वत्र छापलेली गोष्ट अशी की १५१७ मध्ये सेलीम पहिला याने कैरो जिंकलं तेव्हा शेवटच्या अब्बासीने त्याला पद रीतसर सुपूर्द केलं. ही गोष्ट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे येते; सेलीमच्या काळच्या कागदांत असा समारंभ नाही. सेलीमला मक्का-मदिनेचा सेवक म्हणवून घेण्यात जास्त रस होता, आणि कुरैश कुळाची अट तुर्काला पुरी करताही येत नव्हती. पदाला खरा उजाळा मिळाला तो राज्य हरायला लागल्यावर. १७७४ च्या कुचुक कायनार्जाच्या तहात क्रिमिया हातचा गेला, पण तिथल्या तातारांचा धार्मिक प्रमुख म्हणून सुलतान राहील असं कलम घातलं. मुलूख नावाला स्वतंत्र, धर्म खलिफाकडे! 'मुसलमानांचा पोप' ही कल्पना इथे, तहाच्या टेबलावर जन्मली. युरोपीय वकिलांना ती सहज कळत होती आणि तुर्कांना ती परवडत होती. तुमच्या मनात आलेली तुलना म्हणून अगदीच अस्थानी नाही, फक्त अडीचशे वर्षांपूर्वीची आहे.

टिपू सुलतानाला मुघल बादशहा मान्यता देईना, तेव्हा १७८६ मध्ये त्याने इस्तंबूलला वकिलात पाठवली. पुन्हा तेच सूत्र, लांबचा कागद. पण कागद दुधारी असतो. १७९८ मध्ये फ्रेंच इजिप्तमध्ये उतरले आणि खलिफा सेलीम तिसरा इंग्रजांच्या बाजूला गेला. फ्रेंचांचा नाद सोड, असं त्याचं पत्र टिपूकडे पोचवलं ते इंग्रजांनीच.

यानंतर तुमचा तिसरा प्रश्न सोपा होतो. मुघल गेले, १८५७ झालं, हिंदी मुसलमानांना नाव घ्यायला स्वतःचा बादशहा उरला नाही. दुसरा अब्दुलहमीद (१८७६–१९०९) मुद्दाम खलिफा म्हणून जगभर मिरवत होता. दमास्कस ते मदिना रेल्वेसाठी वर्गणी गोळा झाली ती हिंदुस्थानातूनही. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरलं, त्याचे लचके तोडायचं ठरलं, तेव्हा १९१९ मध्ये मुंबईत खिलाफत समिती उभी राहिली. अध्यक्ष मियाँ मुहम्मद छोटानी, लाकडाचे बडे व्यापारी. भायखळ्याचं खिलाफत हाउस आजही उभं आहे आणि ईद-ए-मिलादचा जुलूस तिथूनच निघतो. गांधीजींनी असहकाराला हा मुद्दा जोडून घेतला. असहकार सुरू झाला १ ऑगस्ट १९२०ला, त्याच पहाटे मुंबईत टिळक गेले. खेड्यांत अनेकांनी 'खिलाफत' म्हणजे सरकारच्या खिलाफ असाच अर्थ घेतला. भाषाशास्त्राने दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत, त्यामुळे त्यांना हसण्यात अर्थ नाही. आणि माझ्या मते बहुतेकांच्या मनात आंदोलन तेच होतं. दूरच्या खलिफाच्या नावाने जवळच्या साहेबाला जाब विचारायचा. त्यातून एकीही झाली, हिजरतीत, म्हणजे इंग्रजी राज्य सोडून मुस्लिम मुलखात जाण्याच्या मोहिमेत, अफगाणिस्तानच्या वाटेवर घरं उद्ध्वस्तही झाली आणि मलबारात १९२१ मध्ये रक्तही सांडलं. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

खुद्द तुर्कांना काय हवं होतं हे इकडे फारसं कोणी विचारत नव्हतं. मुस्तफा कमालच्या (अतातुर्कच्या) नेतृत्वाखालच्या अंकाराच्या राष्ट्रीय सभेने १ नोव्हेंबर १९२२ला सुलतानी रद्द केली, शेवटचा सुलतान इंग्रजी युद्धनौकेतून पळाला, आणि सभेने त्याचा चुलतभाऊ अब्दुलमजीद याला नुसता खलिफा म्हणून निवडलं. मुलूख नाही, फौज नाही. इतिहासात पहिल्यांदा खरोखर पोपसारखा खलिफा तयार झाला होता, आणि तो सोळा महिने टिकला. भला माणूस, उत्तम चित्रकार. पुढची गंमत पाहा: १९२३च्या अखेरीस आगाखान आणि सय्यद अमीर अली यांनी लंडनहून तुर्की पंतप्रधानांना पत्र लिहिलं की खलिफाचा मान राखा. ते इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत आधी छापून आलं. एक इस्माईलींचा इमाम, दुसरे शिया कायदेपंडित, आणि वकिली सुन्नी खलिफाची, तीही इंग्रजांच्या राजधानीतून! मुस्तफा कमालच्या बाजूला आयतं निमित्त मिळालं. ३ मार्च १९२४ला कायदा झाला. त्याच दिवशी धर्मव्यवहाराचं सरकारी खातं काढलं, मशिदी आणि इमाम त्याच्या हाती दिले. अब्दुलमजीदला चतालजाच्या स्थानकावर गाडीत बसवून स्वित्झर्लंडला पाठवलं.

कायद्याने पद मोडता आलं याचं कारण ८३३ पासूनचं आहे. धर्म उलेमांकडे होता, उपासना लोकांकडे. खलिफाकडे होती ती राजकीय वैधता, आणि ती आता अंकाराच्या सभेला स्वतःच्याच मतांतून मिळत होती. मक्केच्या शरीफ हुसेनने लगेच स्वतःला खलिफा जाहीर केलं, त्याला काही महिन्यांतच इब्न सौदने घालवलं. १९२६ मध्ये कैरोत परिषद भरली, काही ठरलं नाही. कैरोच्या अल्-अझहर विद्यापीठाचे अली अब्दुर्राझिक यांनी १९२५ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की खिलाफत हा धर्माचा भागच नाही. त्यांची पदवी काढून घेण्यात आली. २०१४ मध्ये इराकमधल्या मोसुलच्या मशिदीतल्या मिंबरवरून (व्यासपीठावरून) 'इस्लामिक स्टेट'च्या म्होरक्याने 'अबू बकर' हेच नाव लावून पुन्हा दावा केला, तेव्हा जगभरच्या शंभरावर उलेमांनी खुलं पत्र लिहून तो फेटाळला. हत्यार त्याच्याकडे होतं, हात द्यायला मान्यवर उलेमा नव्हते.

शिया बाजूचं थोडक्यात. बारा इमाम मानणाऱ्यांचा बारावा इमाम नवव्या शतकापासून अदृश्य आहे, म्हणून त्यांच्यात शतकानुशतकं राजकारणापासून अंतर ठेवणारे धर्मपंडित झाले. इमामाच्या गैरहजेरीत धर्मपंडितानेच राज्य करावं हा खोमेनींचा विचार १९७० चा, इराणात १९७९ पासून अमलात आलेला. इराकमधल्या नजफच्या ज्येष्ठ पंडितांना तो मान्य नव्हता. पोपच्या जवळ जाणारं काही शोधायचं असेल तर तेहरानपेक्षा मुंबईत सापडेल. निझारी इस्माईलींचा हयात इमाम म्हणजे आगाखान. पहिले आगाखान माझगावच्या हसनाबादेत पुरले आहेत, आणि खोजांवर, म्हणजे त्यांच्या इथल्या अनुयायांवर, त्यांचा अधिकार किती याचा निकाल मुंबईच्या न्यायालयाने १८६६ मध्ये दिला. दाऊदी बोहरांचा इमाम गुप्त आहे, त्याच्या वतीने दाई कारभार पाहतो. बावन्नावे सय्यदना (दाई) २०१४ मध्ये वारले आणि वारसाहक्काचा दावा मुंबई उच्च न्यायालयात गेला. मुद्दा तोच, 'नस्स' कोणावर झाला? एप्रिल २०२४ मध्ये त्रेपन्नावे सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन यांच्या बाजूने निकाल लागला. निकाल पुराव्यावर आहे, श्रद्धेवर नाही, असं न्यायाधीशांनी स्पष्ट केलं.

शेवटी एक सहल सुचवतो. खुलताबादला बहुतेक लोक औरंगजेबाची कबर पाहून परततात. तिथे बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. ते दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे 'खलिफा', म्हणजे गुरूने आपल्या जागी नेमलेला शिष्य. १३३७ मध्ये वारले. शब्द तोच, पण इथे ना सनद, ना शिक्का. त्याच परिसरात टेकडीवर तुर्की धाटणीची एक रिकामी कबर-इमारत आहे. हद्दपार अब्दुलमजीदला सातवा निजाम महिना ३०० पौंड पाठवत असे. १९३१ मध्ये खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार निजामाची सून झाली. अब्दुलमजीदला मेल्यावर इथे विसावा मिळावा म्हणून ती इमारत उभारली. अब्दुलमजीद १९४४ मध्ये पॅरिसमध्ये वारला, तुर्कस्तानने देह घेतला नाही, तो दहा वर्षं पॅरिसच्या मशिदीत राहिला. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानच उरलं नाही. १९५४ मध्ये त्याला मदिनेत पुरलं. खुलताबादची जागा तशीच आहे, दर्ग्यात मात्र गर्दी असते.